अक्काचं ऊन

शिमगा झाला की कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऊन शिव्या खायला लागतं. "काय मरणाचं ऊन पडलंय!" रिक्षावाला म्हणतो, दवाखान्याच्या पायरीवर नंबर लावून बसलेले पेशंट म्हणतात, माझ्या क्लासला येणारी पोरं दप्तर आपटत म्हणतात. तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडीवर बसलेली बाई सिग्नलला थांबली की वर बघून चक् करते. आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, फुकट पडतंय, रोज पडतंय, कुणाच्या सहीशिवाय पडतंय, आणि त्यालाच शिव्या? मी तापट बाई आहे हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण उन्हाची बाजू घेऊन भांडणारी बाई म्हणून मी गेल्या वर्षापासून प्रसिद्ध झाले.

नववीच्या पोरांना मी प्रकाशाचं परावर्तन शिकवते. फळ्यावर अंतर्वक्र आरसा काढायचा, समांतर किरण काढायचे, ते आरशावर आपटून एका ठिकाणी गोळा होतात ते ठिकाण दाखवायचं. त्याला नाभी म्हणतात. तिथं खडूनं ठिपका देताना माझा हात जरा जोरात आपटतो. परवा एका पोरानं विचारलं, "मॅडम, हे किती मार्काला येतं?" मी त्याला म्हटलं, "माझ्या बहिणीला विचार, तिला पूर्ण मार्काला आलं." पोरं हसली. त्यांचा काय दोष? त्यांना माझी बहीण माहीत नव्हती.

माझी बहीण म्हणजे अक्का. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी शिकून कोल्हापुरात आले, तिचं लग्न आजऱ्यातच झालं आणि नवरा लवकर गेला. मग ती गावातल्या बायकांच्या काजूच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड आणि वीसेक बाया. काजूची बी आधी वाफवावी लागते, मग गार करून, दुसऱ्या दिवशी कटरवर फोडून आतला गर काढायचा. बी वाफवायच्या भट्टीवर अक्का होती, आणि भट्टीत जळण काय, तर काजूचीच टरफलं. ज्यानं तो धूर घेतलाय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. टरफलात तेल असतं, ते कातडीला लागलं तर कातडी सोलून निघते. तेच तेल जळून छातीत जातं. अकरा वर्षं अक्कानं ते छातीत घेतलं. तिच्या साडीला, केसाला, तिनं दिलेल्या घनसाळ तांदळाच्या पिशवीलासुद्धा तो वास यायचा.

तिचा खोकला वाढला तेव्हा मी तिला कोल्हापुरात आणून दाखवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "चूल बदला. औषधं मी देईन, पण धूर थांबला नाही तर माझ्या औषधांना काही अर्थ नाही." बाहेर आल्यावर अक्का हसायला लागली. "डॉक्टर लई भारी हाय गं. म्हणं धूर थांबवा. धूर थांबला तर मी खाऊ काय?" आमच्याकडच्या जुन्या बाया स्वतःबद्दलही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. "मी भट्टीवर न्हाय बसलो तर दुसरी बसंल. तिला काय छाती न्हाय व्हय?" ती हसता हसता खोकत होती आणि खोकता खोकता माझ्याच पाठीवर थोपटत होती. मला तिचा इतका राग आला की मी रिक्षात तिच्याशी बोलले नाही.

त्याच रागात ती परात जन्माला आली, उन्हावर पाण्याची वाफ करणारी. एका मठाच्या स्वयंपाकघरामागं मी तसलं काही पाहिलं होतं, आरशाच्या तुकड्यांची मोठी थाळी आणि तिच्या तोंडासमोर काळा डबा. आमचे हे कागलच्या एमआयडीसीत फिटर आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "वक्र तू काढून दे, लोखंड मी वाकवतो." मग गच्चीवर खडूनं मी तो वक्र आखला, बारा फुटी. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "रांगोळी मोठी काढलीय, काय आहे?" म्हटलं, "सूर्याला बसायला पाट." रविवारमागून रविवार हे त्या खडूच्या रेघेवर पट्ट्या ठेवून बघायचे, बोटभर फरक पडला की पुन्हा वाकवायचे. बोटभर चुकलं तरी उजेड इकडंतिकडं सांडतो, डब्यावर जमत नाही. आरशाचे शेकडो तुकडे आम्ही दोघांनी कापले. अजून माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही ती आजऱ्याला नेऊन शेडच्या पूर्वेला, रस्त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उभी केली. काँक्रीटमध्ये खांब पुरला, भिंतीला भोक पाडून वाफेची नळी आत घेतली. बाया हळदकुंकू घेऊन आल्या आणि मी ओरडेपर्यंत आरशाच्या पाच-सहा तुकड्यांवर बोटं उमटलीसुद्धा. नवी चूल म्हणजे आधी दूध उतू गेलं पाहिजे. अक्कानं डब्याच्या जागी पातेलं टांगायला लावलं. यांनी परात फिरवून ऊन धरलं, आणि बघता बघता दूध वर आलं, उतू गेलं, आणि खाली सांडलेलं दूध तापल्या दगडावर चरचरलं. ना काडी ओढली, ना फुंकणी लागली. अक्कानं वाकून परातीमागं बघितलं. मग म्हणाली, "विजू, धूर कुठनं निघतोय गं ह्याचा?" म्हटलं, "निघतच नाही." म्हणाली, "बघ हां. फसवशील."

तो चैत्र मी विसरणार नाही. दर शनिवारी क्लास संपवून मी एसटी पकडायचे. रस्त्याकडेला काजूची पिवळी-लाल बोंडं पडून उन्हात आंबलेली असायची, त्यांचा गोडसर उग्र वास गाडीत यायचा. शेडजवळ उतरलं की लांबूनच परात डोळ्यावर यायची. तिच्यासमोर अक्का यांचा वेल्डिंगचा काळा गॉगल लावून उभी, कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू, हातात परात फिरवायचं चाक. विधवेनं कुंकू लावायचं नाही हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. परातीच्या काठावर यांनी एक खिळा ठोकला होता. त्या खिळ्याची सावली दिसली की परात चुकली, सावली गायब झाली की परात बरोबर सूर्याकडं. दर दहा मिनिटांनी ती चाक जरासं फिरवायची. शाळेत चौथीच्या पुढं न गेलेली बाई, पण सूर्य किती सरकला हे तिला खिळ्याकडं न बघताच कळायला लागलं होतं. मला म्हणायची, "तुझी पोरं पुस्तकात शिकत्यात, मी सूर्याच्या हाताखाली शिकतो."

सकाळी आठ ते साडेदहा-अकरा हाच तिचा खरा वेळ. त्या वेळात तीन पोती बी वाफवून निघायची. आमच्याकडं चैत्र-वैशाखात दुपारी साडेबारानंतर आभाळ भरून येतं, वळवाची लक्षणं, त्यामुळं दुपारच्या उन्हाचा भरवसा नाही. सकाळचं ऊन मात्र एकदम खात्रीचं. भट्टी बंद पडली. शेडच्या पत्र्यावरची काजळी बायकांनी घासून काढली. तिसऱ्या आठवड्यात अक्का माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलली आणि एकदाही खोकली नाही. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले, तेही रागानंच. इतकं सोपं होतं तर अकरा वर्षं कुणी का केलं नाही, ह्या रागानं. कुणी म्हणजे मीसुद्धा. आरशाचं गणित मला काय आज येत होतं?

आता पुढचं सांगताना माझा तोल जातो, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

परात महिनाभर उत्तम चालली, पण तिचं उद्घाटन झालं नव्हतं. आणि आपल्याकडं उद्घाटन झालं नाही म्हणजे वस्तू सुरू झालीच नाही. कारखान्याची सेक्रेटरी शेवंता, बाई चांगली, मनात पाप नाही. पण शेडवर नवे पत्रे हवे होते आणि ते साहेबांच्या एका शब्दावर मिळणार होते. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव कशाला घेऊ? असे गावोगाव आहेत. त्यांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. त्यांना वेळ नव्हता, तारीख पुढं गेली, पुन्हा पुढं गेली. आणि एवढ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की साहेबांनी सुरू करायच्या आधी ही चालू दिसली तर बरं दिसणार नाही. म्हणून परातीवर चादर टाकली. आठ दिवस! आठ दिवस लख्ख ऊन पडत होतं, परात चादरीखाली झाकलेली होती आणि अक्का भट्टीपुढं बसून टरफलं सारत होती. मला कुणी कळवलं नाही. शनिवारी जाऊन बघते तो शेडमधून धूर.

"अगं, आठ दिसांचं काय एवढं," अक्का म्हणाली. "पावणं येणार म्हटल्यावर घर आवराय नगो?"

साहेब आले संध्याकाळी साडेपाचला. सकाळी दहाची वेळ दिली होती. सूर्य मावळतीला, त्यात ढग. परातीत काय, चहाचं पाणी कोमट झालं नसतं. फोटो काढणारे म्हणाले, वाफ दिसली पाहिजे. मग काय करावं? मागं शेडमध्ये भट्टी पेटवली, तिची वाफ त्या नळीतून उलटी बाहेर काढली, आणि साहेबांनी सूर्यशक्तीच्या नावानं नारळ फोडला. नारळाचं पाणी आरशांवर उडालं. टाळ्या झाल्या. सूर्याच्या वाफेचा म्हणून जो फोटो छापून आला तो टरफलाच्या भट्टीचा होता, आणि त्या भट्टीपुढं आत माझी बहीण बसली होती. हे बघून आमचे हे इतके खवळले की भाषण चालू असतानाच उठून गाडीत जाऊन बसले. मी मात्र बसून राहिले. माझा सत्कार होता. शाल आणि नारळ. घेतला मी.

अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा मावळतीची किरणं थेट देवीपर्यंत येतात. त्या दिवसांत कोल्हापुरात चहाच्या गाड्यावरसुद्धा तोच विषय असतो. काल चरणांपर्यंत आली, आज कमरेपर्यंत आली, आज ढगानं घात केला. किरणांच्या वाटेत कुणाची टाकी येते का, कुणाची भिंत येते का, याची मापं घेतली जातात, वाद होतात, लोक जागरूक असतात. चांगली गोष्ट आहे. मी स्वतः लहानपणी अक्काचा हात धरून त्या गर्दीत उभी राहिले आहे. देवीच्या उन्हाच्या आड काही येऊ नये हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या कळतं. बाईच्या उन्हाच्या आड काही आलं तर मात्र आमचे डोळे मिटतात.

काय आड आलं, ते सांगते. उद्घाटनानंतर चार दिवसांनी शेवंताचा फोन आला. "विजूताई, सायबांचं आभार मानाय फ्लेक्स लावायचा हाय. तुमी शिकल्याल्या, दोन ओळी चांगल्या लिवून द्या की." मी दिल्या. छान, भारदस्त दोन ओळी. कुठं लावणार, हे विचारलं नाही. आता मला कुणी विचारलं की आयुष्यातली सर्वांत मोठी चूक कोणती, तर मी हीच सांगेन.

तो फ्लेक्स दोन मजली उंच होता. साहेबांचा हात जोडलेला फोटो, डोळ्यांवर गॉगल, मागं उगवता सूर्य, खाली माझ्या ओळी. आंबोलीमार्गे गोव्याकडं जाणाऱ्या गाड्यांना दिसावा म्हणून रस्त्याकडेला लोखंडी सांगाडा पुरून उभा केलेला. म्हणजे परातीच्या पूर्वेला, आठ-दहा हातांवर. सूर्याबद्दल आभार मानणाऱ्या त्या फ्लेक्सची सावली सकाळी अकरापर्यंत परातीवर पडायची. खिळ्याची सावली शोधायची कुठनं, अख्खी परातच सावलीत! ऊन आरशांवर येईपर्यंत अकरा, डबा तापून वाफ धरेपर्यंत साडेअकरा, आणि साडेबाराला ढग. कसंबसं एक पोतं निघायचं. उरलेल्या दोन पोत्यांसाठी भट्टी पेटली. तेवढ्यापुरती, म्हणाल्या. मग एकदा भट्टी पेटलीच आहे तर परातीमागं कोण धावणार? पंधरवड्यात परातीच्या चाकावर बायका ओल्या साड्या वाळत घालायला लागल्या.

मी शेवंताला म्हटलं, "अगं, पंधरा हात बाजूला सरकवा तो."

"सरकवतो की," ती म्हणाली. "पर सायबांचा वाढदीस हाय ह्या म्हयन्यात. आत्ता हालिवला तर कुणी तरी जाऊन सांगंल, मुद्दाम काढला म्हणून. आमचं पत्रं ऱ्हात्याल."

वाढदिवस झाला. आभाराच्या जागी वाढदिवसाचा फ्लेक्स आला, मग कुणाच्या तरी निवडीचा, मग सणाच्या शुभेच्छांचा. सांगाडा कधी रिकामा राहिला नाही. फ्लेक्स लावायला आमच्याकडं माणूस मिळतो, काढायला मिळत नाही. जो हात लावेल तो विरोधातला. आमचे हे एका शनिवारी कटिंग मशीन डिकीत घालून माझ्याबरोबर आले. म्हणाले, "दोन पाय कापतो. पाच मिनिटांचं काम आहे. व्हायचं ते होईल." आणि मी, पोरांवर ओरडणारी, दुकानदाराशी भांडणारी, गल्लीत तापट म्हणून नाव कमावलेली मी, त्यांचा हात धरला. म्हटलं, "नको. आपण जाऊ कोल्हापूरला, अक्काला इथंच राहायचंय. उगाच वैर कशाला?" अक्का शेडच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिच्या बाजूनं बोलतेय असं मला वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "जाऊ दे विजू. ऊन बघितलं की म्हयनाभर. लई झालं." आणि पदर नाकाला लावून आत गेली.

कशाचं लई झालं? एक महिना! एका माणसाच्या वाट्याला एवढ्या मोठ्या सूर्यातला एक महिना, आणि त्यालाही ती लई म्हणाली. मला अजूनही तिच्या त्या समाधानाचा संताप येतो. भांडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी तरी कापू दिलं असतं.

पावसाळाभर, हिवाळाभर भट्टी चालू होती. संक्रांतीनंतर अक्काला मी माझ्याकडं आणली ती नाकाला नळी लावूनच. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. वीज गेली की आम्ही दोघं सिलिंडरकडं धावायचो. तिला आमच्या गच्चीवर ऊन खायला बसावंसं वाटायचं, पण जिना चढवत नव्हता. खिडकीतून दोन हात ऊन फरशीवर यायचं, तिथं ती पाय सोडून बसायची आणि ऊन सरकलं की पाय सरकवायची. शिमग्याच्या आधी ती गेली. डॉक्टर म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी त्यांना म्हटलं, "हो, आम्हाला सगळं सांगितलं होतं."

उत्तरकार्य आजऱ्यालाच केलं. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला आमची गाडी शेडजवळ पोचली. ऊन चांगलं वर आलं होतं. शेडमधून धूर निघत होता. दुसरी बाई भट्टीवर बसली होती, अक्का म्हणाली होती तशीच. आणि सांगाड्यावर नवा फ्लेक्स होता. दोन मजली अक्का. दूध उतू गेलं त्या दिवशीच्या फोटोतला तिचा चेहरा कापून मोठा केलेला, कपाळावरचं कुंकू पुसट करून टाकलेलं. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल' म्हणून साहेबांचा फोटो आणि बाकीच्यांचे बारके बारके. आणि तिची सावली बरोब्बर परातीवर.

मी गाडीतून उतरले ते थेट शेडमध्ये गेले आणि पोती फाडायचा विळा उचलला. पत्र्यावर चढायची शिडी ओढत आणली. शेवंता रडवेल्या तोंडानं धावत आली, मागं बाया. तिनं मायेनंच लावला होता तो, वर्गणी काढून, हे मला दिसत होतं. माझा पदर धरून ती म्हणाली, "विजूताई, नगा हो, असं करू नगा! मेल्याल्या माणसाचा फोटू हाय त्यो!"

"जिती हुती तवा फाडाय पायजे हुता," मी म्हणाले. कैक वर्षांनी माझ्या तोंडातून गावची बोली आली. "तुमी बी न्हाय फाडला, म्या बी न्हाय."

यांनी शिडी धरली. मी अक्काच्या हनुवटीत विळा घातला आणि कपाळापर्यंत ओढला.